हवेतून आलेली उसळ

एक मोठा श्वास घ्या बरं. घेतलात? आता सोडा.

जी हवा तुम्ही आत्ता आत ओढलीत, तिच्यात शंभरातले ७८ भाग नायट्रोजन होता. ऑक्सिजनचं सगळे एवढं कौतुक करतात, पण तो फक्त २१ भाग. आणि गंमत म्हणजे तो सगळा नायट्रोजन नाकातून जसा आत गेला, तसाच बाहेर आला. शरीराने त्याला हातसुद्धा लावला नाही.

आता यात पंचाईत अशी, की शरीराला नायट्रोजन हवा असतो. थोडाथोडका नाही, चांगला भरपूर. ३० किलो वजनाच्या मुलीच्या अंगात पाऊण किलोहून जास्त नायट्रोजन असतो. तिच्या केसांत, नखांत, दंडाच्या स्नायूंत, रक्त लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये, जेवण पचवणाऱ्या विकरांमध्ये. हे सगळं कशाचं बनलेलं असतं? प्रथिनांचं. आणि नायट्रोजनाशिवाय एकही प्रथिन बनत नाही. इतकं, की प्रयोगशाळेत एखाद्या डाळीतलं प्रथिन मोजायचं असलं तर कित्येकदा प्रथिन मोजतच नाहीत. डाळीतला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन मोजायची ही पद्धत योहान कियेल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली काढली. तो एका बिअरच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि बिअरसाठी लागणाऱ्या धान्यातलं प्रथिन मोजायचं होतं. असो, बिअर हा आपला विषय नाही.

आपला विषय उसळ. म्हणजे मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल, वाटाणा, कुळीथ, तूर, मसूर, आणि डाळ म्हणून कुणी शिजवत नसलं तरी शेंगदाणा आणि सोयाबीनसुद्धा. ही सगळी एकाच कुळातली मंडळी. नाकाला जे जमत नाही ते यांना जमतं: हवेतला नायट्रोजन पकडणं.

पण आधी प्रथिन म्हणजे काय ते बघू. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. मण्यांचं नाव अमिनो आम्ल. मण्यांचे प्रकार २०. शेकडो मणी वेगवेगळ्या क्रमाने ओवले की कधी केस होतात, कधी नख, कधी कोळ्याचं जाळं. तुम्ही कोणतंही प्रथिन खाल्लं, मग ते अंड्यातलं असो की आमटीतलं, पोटात आणि आतड्यात माळ तुटते, मणी सुटे होतात आणि शरीर त्यांतून आपल्याला हवी ती माळ नव्याने ओवतं. अंडं खाऊन कुणाला पिसं फुटत नाहीत ती यामुळेच.

या वीसपैकी ११ प्रकारचे मणी आपलं शरीर स्वतः घडवू शकतं. उरलेले नऊ नाही. ते आयतेच खावे लागतात. कोंबडीलाही तिच्या गरजेचे असे काही मणी घडवता येत नाहीत. मग हे मणी मुळात घडवतं कोण? वनस्पती! गवताची साधी काडी घ्या, ती वीसच्या वीस मणी घडवते. तिला लागतं ऊन, पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड, मातीतले थोडे क्षार आणि नायट्रोजन.

आणि इथे गवतही अडतं. कारण हवेतला नायट्रोजन भारी हट्टी. त्याचे अणू जोडीने राहतात आणि प्रत्येक जोडी तिहेरी बंधाने जखडलेली असते. हा बंध तोडणं ज्वारीला जमत नाही, गव्हाला जमत नाही, वडाच्या झाडालाही जमत नाही. ही सगळी झाडं मातीत जो आधीच सुटा झालेला नायट्रोजन असेल तेवढाच मुळांनी शोषून घेतात. तो संपला की पानं पिवळी पडतात आणि शेतकरी शेणखत किंवा युरिया टाकतो.

मग तूर आणि हरभरा असं वेगळं काय करतात?

हे कोडं सुटलं जर्मनीत. सोडवणारे दोघे, हर्मान हेलरिगेल आणि हर्मान विल्फार्थ. (हो, दोघेही हर्मान. प्रयोगशाळेत कुणी हाक मारली की काय होत असेल!) त्यांनी कुंड्यांमध्ये माती भरलीच नाही. नुसती वाळू भरली, नायट्रोजन अजिबात नसलेली. काही कुंड्यांत ओट लावले, काहींत वाटाणा. ओटचा हिशेब सरळ निघाला. जेवढा नायट्रोजन वरून द्यावा तेवढीच वाढ, नाही दिला तर उपासमार. वाटाणा मात्र लहरीपणा करायला लागला. एका कुंडीत मरगळलेला, तर शेजारच्याच कुंडीत, त्याच वाळूत, हिरवागार. मग त्यांनी वाळू तापवून तिच्यातले सगळे जीवजंतू मारून टाकले. झालं, आता सगळाच वाटाणा मरगळला. नंतर शेतातली चिमूटभर माती पाण्यात कालवली आणि ते पाणी कुंडीत ओतलं. वाटाणा तरारला! म्हणजे करामत एकट्या वाटाण्याची नव्हती. मातीतलं कुणीतरी जिवंत त्याला मदत करत होतं. १८८६ साली बर्लिनच्या परिषदेत हेलरिगेलने हे जाहीर केलं. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या मार्टिनस बायरिंकने मुळांवरच्या गाठींतून तो मदतनीस वेगळा काढून दाखवला. तो एक जिवाणू होता. आज त्याला आपण रायझोबियम म्हणतो.

यानंतरचं मला सगळ्यात आवडतं. हरभऱ्याचं रोप लहान असताना मुळातून एक रसायन मातीत सोडतं. जवळपास रायझोबियम असला तर त्याला ते कळतं आणि तो स्वतःचं रसायन सोडून उत्तर देतो. ते पोचलं की मुळावरचा बारीक केस वाकतो, जिवाणूला वेढतो आणि आत घेतो. तिथे गाठ तयार होते. हरभऱ्याचा रायझोबियम वेगळा, सोयाबीनचा वेगळा. भलत्याच्या निरोपाला भलता उत्तर देत नाही. गाठीत झाड जिवाणूला साखर पुरवतं आणि जिवाणू झाडाला नायट्रोजन, तोही वापरायला सोपा करून, अमोनियाच्या रूपात. तिहेरी बंध तोडायला जिवाणूकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर असतं.

पण या विकराचं एक दुखणं आहे. ऑक्सिजन लागला की ते बिघडतं. आणि जिवाणूला तर जगायला ऑक्सिजन हवाच! मग झाडाने काय करावं? झाड गाठीत एक लाल प्रथिन तयार करतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला अगदी मोजून मापून देतं. विकरही शाबूत, जिवाणूही जिवंत. या प्रथिनाचं नाव लेगहिमोग्लोबिन. नाव ओळखीचं वाटलं ना? तुमच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते नातेवाईकच, त्याच्यातही लोह असतं. हरभऱ्याला रक्त नाही, पण रक्ताचा लाल रंग आहे.

विश्वास बसत नसेल तर स्वतः बघा. गावाकडे भुईमूग, सोयाबीन किंवा हरभऱ्याचं शेत असेल तर फुलं येण्याच्या सुमाराला मोठ्या माणसांना विचारून एक रोप हलकेच, मातीसकट खणून काढा. उपटलंत तर गाठी मातीतच राहतील. मुळं पाण्यात धुवा. बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली तर काम सुरू झालं नाही किंवा संपलं. शहरात राहणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. मेथीसुद्धा याच कुळातली. मुळांसकट आणलेली जुडी निवडायला बसा, नशीब असेल तर तिच्याही मुळांवर छोट्या गाठी सापडतील. भाजी निवडायला तुम्ही आपणहून बसलात, हा घरच्यांसाठी वेगळा चमत्कार.

आता हेच काम माणूस कसं करतो बघा. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभारला. तो १९१३ साली जर्मनीत ओपाऊ इथे सुरू झाला. त्यात तापमान लागतं ४०० ते ५०० अंश सेल्सिअस आणि दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. युरिया याच अमोनियापासून बनतो. आपल्याकडे अलिबागजवळ थळला असा मोठा खतकारखाना आहे, नैसर्गिक वायूवर चालणारा. आणि हरभऱ्याच्या मुळावरची गाठ? ती रब्बीच्या थंडीत, ओलसर मातीत, बिनआवाजाची तेच काम करते. अर्थात फुकट नाही. झाड आपली बरीचशी साखर त्यात खर्च करतं. पण ती साखर उन्हातून आलेली असते.

शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. पेरणीआधी हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, आणि मग सावलीत सुकवून. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. कृषी विभागाची माणसं याला बीजप्रक्रिया म्हणतात. पीक निघाल्यावर मुळं आणि पालापाचोळा शेतातच कुजला की पुढच्या पिकालाही थोडा नायट्रोजन मिळतो. म्हणून तर पिकांची फेरपालट करतात आणि कापसाच्या किंवा सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ घालतात.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, ‘पण प्रथिनं तर चिकनमध्ये असतात!’ असतात की. प्रश्न एवढाच, की कोंबडीत ती आली कुठून?

त्यासाठी लातूरला जाऊ. तिथल्या आडत बाजारात सोयाबीनच्या राशी पडतात. सोयाबीनच्या दाण्यात शंभरातले ३५ ते ४० भाग प्रथिन असतं, कुठल्याही डाळीपेक्षा जास्त. दाण्यातून तेल काढतात आणि उरते ती सोयापेंड. तेल गेलं, पण प्रथिन सगळं पेंडीतच राहिलं. ही पेंड मक्याबरोबर मिसळून कोंबड्यांना घालतात. म्हणजे प्रवास असा: हवा, गाठ, सोयाबीन, पेंड, कोंबडी आणि मग आपलं ताट. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंची होते. तेवढ्या दिवसांत ती पिसं वाढवते, हाडं वाढवते, इकडून तिकडे फिरते, अंग गरम ठेवते, आणि विष्ठेतून बराचसा नायट्रोजन टाकूनही देते. तिने खाल्लेल्या प्रथिनातलं साधारण चौथा-पाचवा हिस्सा प्रथिन आपल्या रस्स्यात पोचतं. अमेरिकेत किंवा ब्राझीलमध्ये मांसासाठी गुरं पाळतात, तिथे तर शंभरातले तीन-चारच भाग पोचतात.

डाळ खाणारा मधलं हे एक स्थानक गाळतो, एवढंच.

त्याने किती वाचतं याचे हिशेब झाले आहेत. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेसेक या दोघांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती गोळा केली आणि २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिन मिळवताना सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवणारे वायू हवेत जातात. तेवढंच प्रथिन वाटाण्यापासून मिळवताना अर्ध्या किलोपेक्षाही कमी. पाण्याचा हिशेब मेकोनेन आणि होकस्ट्रा या नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी मांडला. पावसाचं पाणी धरून, एक ग्रॅम प्रथिनामागे कडधान्यांना १९ लिटर, कोंबडीला ३४ लिटर आणि गोमांसाला ११२ लिटर. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या गावांत वाढलेल्या मुलांना हे आकडे समजावून सांगायला नकोत. एक मात्र खरं, जमिनीच्या हिशेबात कोंबडी कडधान्यांच्या बरोबरीला येते. कारण कडधान्यांचं एकरी उत्पादन कमी, आणि कोंबडीला घालतात तो मका-सोयाबीन भरघोस येतो. आकडे आपल्या मताच्या बाजूने नसले तरी सांगायचे असतात.

आणि डोंगरावर चरणारी शेळी? ती जे खाते ते काटेरी झुडपांचं पान तुम्हाला-मला पचणार नाही आणि त्या खडकाळ उतारावर तूर पिकणार नाही. तिथे शेळीने केलेलं काम डाळीला जमलं नसतं. तिला सोयापेंड खाणाऱ्या कोंबडीच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल.

अंड्याच्या बाबतीतही खरं ते सांगायला हवं. अंड्यात आणि दुधात नऊच्या नऊ मणी आपल्याला हव्या तेवढ्या प्रमाणात असतात आणि ते सहज पचतात. डाळीत एक मणी कमी पडतो, त्याचं नाव मिथिओनिन. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्यात दुसराच मणी कमी पडतो, लायसिन. आता बघा: डाळीत लायसिन भरपूर आणि ज्वारीत मिथिओनिन पुरेसं! पिठलं-भाकरी खाल्ली की दोन्ही खड्डे बुजले. वरण-भात, खिचडी, पुरणपोळी, थालीपीठ, सगळ्यांत हीच जोडी आहे. थालीपिठाच्या भाजणीत तर ज्वारी-बाजरीबरोबर हरभऱ्याची डाळ आणि उडीद आधीच भाजून दळलेले असतात. कोकणात कुळथाची पिठी आणि भात, गोव्यात अळसांद्यांचं तोणाक आणि पाव, तिकडे मेक्सिकोत मक्याच्या पोळ्या आणि राजम्याच्या भावंडांची उसळ. अमिनो आम्लं सापडायच्या कितीतरी आधीपासून लोक हे जेवत होते. दोन्ही एकाच घासात असायला हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले की पुरतं.

मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, कच्च्या डाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिन असतं. एका अंड्यातही साधारण तेवढंच. फक्त डाळीचं प्रथिन थोडं कमी पचतं, त्यामुळे वाटी जरा भरून घ्यायची. आणि ‘वरण’ म्हणून पिवळं पाणी वाढून घेतलं तर हिशेब चुकला. घट्ट वाढायला सांगा.

एक गोष्ट वनस्पतींत मिळत नाही: ब-१२ जीवनसत्त्व. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून येतं. म्हणून हा लेख वाचून उद्यापासून दूध-अंडं बंद, असं घरी जाहीर करू नका. वाढत्या वयात असं काही बदलायचं तर आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. पण आठवड्यातल्या एखाद्या चिकनच्या दिवशी मटकीची उसळ झाली तर बिघडत काहीच नाही. वर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह जास्त शोषलं जातं. मिसळीबरोबर लिंबाची फोड येते ती उगाच नाही.

लेगहिमोग्लोबिन आठवतंय ना, गाठीतला लाल रंग? अमेरिकेतल्या इम्पॉसिबल फूड्स या कंपनीने सोयाबीनच्या गाठीतल्या या प्रथिनाची कृती यीस्टला शिकवली, म्हणजे त्याचं जनुक यीस्टमध्ये घातलं. मग यीस्टने बनवलेलं ते प्रथिन त्यांनी वनस्पतींपासून केलेल्या बर्गरमध्ये मिसळलं. २०१६ पासून तो बर्गर विकला जातोय. तो कापला की आतून लालसर दिसतो आणि भाजताना मांसासारखा वास येतो. मला विचाराल तर भरड दळलेल्या वाटाणा-डाळीचे वडे काही कमी नाहीत, पण कल्पना भन्नाट आहे.

उसळीत आणखी एक गोष्ट असते जी कुठल्याही मांसात, अंड्यात, दुधात नावालाही नसते: तंतू, म्हणजे चोथा. आपल्याला तो पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि पोट साफ राहतं.

कच्चं कडधान्य मात्र तोंडात टाकू नका. बी म्हणजे झाडाचं बाळ, आणि झाड त्याला बिनसंरक्षणाचं सोडत नाही. राजम्याचे चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या सुरू होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये नीट शिजवा, की ते विष निकामी होतं.

आता तो प्रश्न, जो तुम्ही कधीपासून दाबून ठेवलाय. (प्रश्न म्हणतोय मी!) पावटा, वाल, हरभरा खाल्ला की पोटात एवढा वारा का होतो?

कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. उगवणाऱ्या रोपासाठी बीने बांधून दिलेली ती शिदोरी. ती सोडवायचं विकर आपल्या आतड्यात नाही. त्यामुळे या साखरा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथल्या जिवाणूंची चंगळ होते. ते वायू सोडतात: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. मोड आणले की रोप स्वतःच ही शिदोरी खायला लागतं, म्हणून मोडाची मटकी पोटाला हलकी. शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. भिजवलेलं पाणी फेकून दिल्यानेही फरक पडतो.

‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ अशी म्हण आहे. विज्ञान म्हणतं, पावट्यावरचा आळ अगदीच खोटा नाही. पण निम्माच खरा आहे. हायड्रोजनला वास नसतो, कार्बन डायऑक्साइडला नसतो, मिथेनलाही नसतो. वास येतो तो गंधकाच्या वायूंचा, आणि गंधक पावट्यापेक्षा कोबीत, कांद्यात आणि अंड्यात जास्त असतं. तेव्हा पुढच्या वेळी वर्गात नाकं मुरडून सगळे पावट्याच्या डब्याकडे बघायला लागले, तर आधी विचारा: काल रात्री अंडा भुर्जी कुणाकडे होती?